पुरुमेंताचे डबे: कोणत्या प्लॅस्टिकमध्ये काय ठेवायचं आणि काय नाही

मे महिना आला की गोव्यात आमच्या फोंड्याच्या बाजूला घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळी साठवणीची घाई सुरू होते. मिरच्या, उकडे तांदूळ, सुकी सुंगटं (कोळंबी), सोलां (आमसुलं), खारातली तोरं (मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या), पावसाच्या चार महिन्यांचा सगळा साठा. दर वर्षी एकच चूक बघते. आधी बाजारातून डब्यांचा संच येतो आणि मग त्यात काय भरायचं याचा विचार होतो. मग सोलां ज्या डब्यात, त्याच जातीच्या डब्यात गरम हुमण (माशांची आमटी), त्यातच बांगड्याचं लोणचं, आणि तोच डबा मायक्रोवेव्हमध्ये.

‘हा डबा सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कशासाठी, किती गरम आणि किती दिवस, हे आधी सांगावं लागतं. प्रयोगशाळेतली तपासणीसुद्धा अशीच होते. प्लॅस्टिकमधून अन्नात काय उतरतं ते मोजण्यासाठी भारतीय मानकात वेगवेगळे द्रव वापरतात: साधं पाणी, ३ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल म्हणजे जवळजवळ विनागर (व्हिनेगर), पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल आणि तेलकट पदार्थांच्या जागी हेप्टेन. तापमान आणि वेळही ठरवून घेतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०१८च्या नियमांनुसार एकूण उतरणारा अंश अन्नाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. थंड पाण्याच्या कसोटीला उतरलेला डबा गरम तेलाच्या कसोटीला उतरेलच, असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: आधी यादी, मग डबे

वहीचं एक पान घ्या. साठवायचा प्रत्येक पदार्थ लिहा आणि त्याच्यापुढे तीन गोष्टी: किती दिवस राहणार, भरताना गरम असेल की गार, आणि त्यात तेल, आंबट, खार किंवा दारू यांतलं काय आहे. आमच्या घरी हे पान भरायला अर्धा तास लागतो. बहुतेक पदार्थ ‘कोरडा, गार’ या एकाच रांगेत येतात आणि त्यांची काळजी फार करावी लागत नाही हे लगेच लक्षात येतं. काळजी उरलेल्या सात-आठ पदार्थांची असते.

## टप्पा २: घरातलं सगळं प्लॅस्टिक जमिनीवर मांडा

माळ्यावरचं, सिंकखालचं, फ्रीजच्या दारातलं, सगळं. मग तीन ढीग करा.

१. अन्नासाठी म्हणूनच विकत घेतलेले डबे.

२. एखादा खाद्यपदार्थ ज्यातून घरी आला ते: लोणच्याच्या बरण्या, आइस्क्रीमचे डबे, हॉटेलच्या पार्सलचे डबे, पाण्याच्या बाटल्या.

३. आधी काय होतं ते माहीत नाही असे, किंवा अन्न नव्हतं हे माहीत आहे असे: रंगाच्या बादल्या, निळे ड्रम, कॅन.

तिसरा ढीग स्वयंपाकघराबाहेर काढा. त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत मोठी चूक इथेच होते.

आमच्या घरी एका वर्षी खारातल्या तोरांसाठी बाजारातून जुना ड्रम आणला होता. ‘खाद्यतेलाचा आहे’ असं विकणाऱ्याने सांगितलं. साबण, चिंच, कडक ऊन, सगळं करून झालं. हुंगून पाहिला तर काही वास नाही. जुलैत झाकण उघडलं तेव्हा मिठाच्या पाण्यावर रॉकेलसारखा वास तरंगत होता. शंभरावर तोरं माडाच्या मुळाशी ओतावी लागली. हे ड्रम एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. ते मजबूत असतं, पण तेलकट आणि द्रावकासारखी रसायनं हळूहळू त्याच्या भिंतीत शिरतात. धुण्याने पृष्ठभाग साफ होतो, भिंतीतलं आतच राहतं आणि पुढे महिनोन्‌महिने आतल्या पदार्थात उतरत जातं. उन्हाळ्यात रिकामा ड्रम हुंगून ते कळत नाही.

सावधान: ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही, त्यात अन्न नको, विनागर नको, पिण्याचं पाणीही नको. बागेला घालायचं पाणी भरायला तो चालेल, तेही आत कीटकनाशक नव्हतं याची खात्री असेल तरच.

## टप्पा ३: तळ वाचा

आता पहिले दोन ढीग उलटे करा. त्रिकोणातला आकडा बघा. हा आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, पुनर्वापरासाठी वर्गवारी करता यावी म्हणून. तो सुरक्षिततेचा शिक्का नव्हे, हे नीट लक्षात ठेवा.

१, पेट. काचेसारखं पारदर्शक. पाण्याच्या बाटल्या, लोणच्याच्या आणि मधाच्या बरण्या. ७०-८० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. यात उकळतं पाणी ओतलं की बरणी आक्रसून वाकडी होते. गार आणि कोरड्यासाठी ठीक.

२, एचडीपीई. दुधी, किंचित मेणचट, नखाने खरवडलं तर ओरखडा उठतो. कोरडं, आंबट, खारट, फ्रीझर, सगळ्याला चांगलं.

३, पीव्हीसी. अन्नासाठी नको. ते लवचिक करायला घातलेली रसायनं तेलात उतरतात.

४, एलडीपीई. मऊ झाकणं, पिशव्या. गार पदार्थाला चालतं, उष्णतेला नाही.

५, पीपी. घरातले बहुतेक चांगले डबे हेच. १६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उष्णता इतरांपेक्षा बरी सोसतं. फ्रीझरमध्ये मात्र ठिसूळ होतं, हातातून पडलं तर तडकतं.

६, पॉलिस्टायरीन. थर्मोकोल आणि कडक, टिचकी मारल्यावर टणटण वाजणारे पारदर्शक पेले. गरम आणि तेलकट पदार्थाला अजिबात नको. मासळीबाजारातली थर्मोकोलची पेटी बर्फात मासे घरी आणण्यापुरती, सुके बांगडे भरून ठेवायला नाही.

७, इतर. या एका आकड्याखाली वेगवेगळ्या जाती येतात. त्यातली एक पॉलिकार्बोनेट, म्हणजे २० लिटरचे जुने कडक निळसर जार. त्यातून बिस्फेनॉल-ए (बीपीए) नावाचं रसायन उतरतं, उष्णतेने आणि कडक क्षाराने जास्त. भारतीय मानक ब्युरोने २०१५च्या मानकात बाळाच्या दूधबाटलीसाठी पॉलिकार्बोनेट वर्ज्य केलं. युरोपीय संघाने २०२४च्या डिसेंबरात अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बिस्फेनॉल-एवर बंदीचा निर्णय घेतला. जार वापरायचाच असेल तर बाल्कनीत उन्हात ठेवू नका आणि त्यात गरम पाणी घालू नका.

आकड्याशिवाय ग्लास आणि काट्याचं चित्र शोधा. ते अन्नाच्या संपर्कासाठी बनवल्याचं चिन्ह आहे. आकडाही नाही आणि चित्रही नाही असा डबा दुसऱ्या ढिगातून तिसऱ्यात टाका.

तपासा: झाकणाचा आकडा वेगळा वाचलात का? डबा ५चा आणि झाकण ४चं, हे अगदी नेहमीचं आहे. मायक्रोवेव्हमध्ये डबा टिकतो आणि झाकण वितळून वाकतं ते यामुळे.

आणखी एक गैरसमज. लोणच्याच्या बरणीवर प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो. तो आतल्या लोणच्याच्या उत्पादकाचा असतो. बरणी पुन्हा पुन्हा वापरायला योग्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. ‘बीपीए-फ्री’ या छापाचंही तसंच. पेट, एचडीपीई आणि पीपीमध्ये बिस्फेनॉल-ए मुळातच वापरत नाहीत, त्यामुळे ५ आकड्याच्या डब्यावर हे शब्द वाचून जास्त पैसे मोजू नका.

## टप्पा ४: वहीतलं पान आणि डबे यांची जुळवणी करा

कोरडं. उकडे तांदूळ, डाळी, सुक्या मिरच्या, मीठ, चवथीच्या नेवऱ्या (गणपतीतल्या करंज्या): १, २ किंवा ५, यांतलं काहीही. इथे प्लॅस्टिकपेक्षा झाकण महत्त्वाचं. आपल्या पावसातली हवा दोन दिवसांत नेवऱ्या मऊ करते.

सुकी मासळी. सुंगटं, गालमो (जवळा), बांगडे. २ किंवा ५चा डबा, पण तो कायमचा मासळीचाच. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं आणि पुढच्या पदार्थाला देतं. आमच्याकडे अशा डब्यांच्या झाकणावर लाल रंगाने मासा काढलेला आहे.

आंबट आणि खारट. सोलां, खारातली तोरं, सुरेपासून (माडीपासून) केलेलं विनागर. इथे लोक घाबरून स्टीलकडे वळतात आणि ते चुकतं. मीठ आणि आम्ल मिळून साध्या स्टीलला बारीक खड्डे पाडतात, अ‍ॅल्युमिनियमला तर खातातच. काच किंवा चिनी मातीची बरणी सर्वांत उत्तम. ती परवडत नसेल किंवा जड होत असेल तर नवा, अन्नासाठीचा, रंग न घातलेला एचडीपीई डबा चालतो. आम्ल त्याला फारसं काही करत नाही.

तेलात बुडलेलं. मिस्कूट (कैरीचं लोणचं), बांगड्याचं पारं आणि बलशांव (मासळीची लोणची). महिनोन्‌महिने तेल, आंबट आणि मसाला एकत्र. हे प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, काचेतच ठेवा. तेल प्लॅस्टिकमधले तेलात विरघळणारे घटक ओढून घेतं आणि इथे त्याला चार-सहा महिने वेळ मिळतो. माझ्या घरी या नियमाला सवलत नाही. बाजारातून पेट बरणीत आलेलं लोणचंही मी घरी आल्यावर काचेत काढते.

फेणी. ओळखीच्या भट्टीवरून पाण्याच्या बाटलीत फेणी आणायची पद्धत सर्रास आहे. फेणीत सुमारे ४२ ते ४५ टक्के अल्कोहोल असतं आणि ते प्लॅस्टिकमधले घटक पाण्यापेक्षा कितीतरी सहज ओढून घेतं. जुनी माणसं काचेच्या गाराफांवात (मोठ्या गोल बाटलीत) ठेवत होती तेच बरोबर. वाटेपुरती प्लॅस्टिकची बाटली चालेल, घरी आल्या आल्या काचेत ओता. उर्राकलाही (काजूच्या रसाची पहिली, सौम्य दारू) हेच लागू.

फ्रीझरमधली मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून मेअखेरीस लोक फ्रीझर भरतात. २ किंवा ४चे मऊसर डबे घ्या. वर बोटभर जागा मोकळी ठेवा, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेलं झाकण उचकटतं. एका वेळच्या हुमणाला लागतील तेवढेच तुकडे एका डब्यात.

तपासा: पानावरच्या प्रत्येक पदार्थापुढे आता डब्याचा आकडा किंवा ‘काच’ असा शब्द आहे का? जिथे जागा रिकामी, तेवढंच विकत आणायचं.

## टप्पा ५: विकत घेताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या किंवा मोठ्या दुकानात, हाताने आणि नाकाने तपासणी करा.

१. तळ वाचा. आकडा, चिन्ह, उत्पादकाचं नाव. तिन्ही नसेल तर खाली ठेवा.

२. झाकण उघडून लगेच हुंगा. नव्या डब्याला मंद वास असतो, पण नाकाला झोंबणारा किंवा रॉकेलसारखा वास असेल तर नको.

३. उजेडाकडे धरा. भिंतीत काळे-करडे ठिपके किंवा रंगाच्या रेषा दिसल्या तर भंगारातलं प्लॅस्टिक मिसळलेलं असण्याची शक्यता आहे.

४. काळे आणि गडद रंगाचे डबे टाळा. गडद रंगाखाली मिसळ लपते आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्लॅस्टिक आल्याचं परदेशातल्या तपासण्यांत आढळलेलं आहे. हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे म्हणूनच मी पुन्हा वापरत नाही.

५. झाकणाची रबरी कडी निघते का ते बघा. जी निघत नाही, तिच्याखाली पावसाळ्यात काळी बुरशी हमखास धरते.

मेलामाइनच्या रंगीत वाडग्यांबद्दल दोन शब्द. गार सोलकढी वाढायला ठीक. ७० अंशांच्या वरच्या पदार्थाला आणि मायक्रोवेव्हला नाही, कारण उष्णतेने त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि मेलामाइन सुटतं.

## टप्पा ६: भरण्याआधी

कोमट पाणी आणि साध्या साबणाने मऊ फडक्याने धुवा. तारेची घासणी नको. उलटा घालून पूर्ण वाळू द्या, कडीखालचा खोबणीतला ओलावासुद्धा.

मग दोन परीक्षा. पहिली, डब्यात कोमट पाणी भरून झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी घोटभर पाण्याचा वास घ्या. पाण्याला वास लागला असेल तर डबा परत करा. दुसरी, आत कोरडा कागदाचा तुकडा टाकून झाकण लावा आणि डबा पाण्याच्या बादलीत मिनिटभर दाबून धरा. कागद ओला झाला तर हा डबा नेवऱ्यांसाठी उपयोगाचा नाही, कांदे-बटाट्यांना द्या.

## टप्पा ७: भरताना गार, पण उशीर नको

इथे दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध टोकाला आहेत. काहीजण उकळतं हुमण सरळ डब्यात ओततात. दुसरे ‘गार होऊ दे’ म्हणत नारळाचा रस घातलेलं हुमण दुपारभर ओट्यावर ठेवतात आणि मेच्या उकाड्यात ते संध्याकाळपर्यंत फेसाळतं. प्लॅस्टिकपेक्षा हा दुसरा धोका लवकर पोटात जातो.

१. हुमण पसरट स्टीलच्या टोपात ओता.

२. टोप परातीतल्या थंड पाण्यात ठेवा, मधून मधून ढवळा. साधारण अर्ध्या तासात हाताला सोसवेल इतकं होतं.

३. मगच डब्यात, आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा.

उन्हात वाळवलेल्या सोलांचं आणि मिरच्यांचंही तसंच. अंगणातून उचलून गरम असतानाच डबा बंद केला की आतल्या वाफेचं पाणी झाकणाखाली जमतं आणि ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी दिसते. सुपात पसरून तासभर सावलीत निववा.

तपासा: भरल्यावर तासाभराने झाकण उघडून आतली बाजू बोटाने पुसा. ओल लागली तर सगळं पुन्हा बाहेर काढून निववा.

## टप्पा ८: गरम करताना डबा रिकामा करा

काल्ची कडी (कालचं हुमण) गरम करायची तर ती कुंडल्यात (मातीच्या भांड्यात) किंवा कढईत घ्या. चवही तिथेच येते. मायक्रोवेव्ह असेल तर काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं. ‘मायक्रोवेव्ह-सेफ’ लिहिलेला ५चा डबा वितळत नाही एवढी हमी त्या शब्दांत आहे. पण वर तरंगणारं तेल पाण्याच्या उकळबिंदूच्याही वर तापतं, आणि डब्याची भिंत नेमकी त्याच रेषेवर फोडासारखी खडबडीत होते. तुमच्या घरातला जुना डबा आतून बोट फिरवून बघा, रश्श्याच्या पातळीवर ती रांगोळीसारखी खरखर सापडेल. असा डबा कोरड्या पदार्थाला द्या.

## टप्पा ९: कधी टाकायचा

हळदीच्या डागामुळे डबा टाकू नका. हळदीचा रंग तेलात विरघळून पीपीमध्ये शिरतो, तो अपायकारक नाही, आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवला की बराचसा उडून जातो. टाकायची कारणं वेगळी आहेत: आतला ओरखडा नखाला लागतो, भिंत धुरकट किंवा चिकट झाली आहे, कोपऱ्यात तडा आहे, झाकण बसत नाही, किंवा धुऊन उन्हात वाळवूनही कालचा वास येतो. ओरखड्यांत घाण आणि जंतू राहतात, तिथपर्यंत घासणी पोचत नाही.

टाकायचा ठरवलेला डबा नुसता बाजूला ठेवलात तर घरातलं कुणीतरी तो चवथीच्या गडबडीत पुन्हा भरतं. म्हणून कात्रीने काठाला खाच पाडा. आमच्या घरी खाच म्हणजे खिळे, बियाणं, दोऱ्या. आणि तेही नको असेल तर धुऊन, वाळवून पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या. ओला, तेलकट डबा बाकीचा सुका कचराही खराब करतो.